खिशातलं ताटात

पुरुषांच्या दवाखान्याच्या दारात मी पंचवीसेक वर्षं बसले. पुरुषांचा म्हणजे ज्यांना बायकोजवळ गेल्यावर काही होत नाही, किंवा होतं ते लगेच संपतं, किंवा सगळं होऊनही मूल होत नाही, अशांचा. हे इतकं सरळ लिहिलेलं कुणाला खटकत असेल त्यांनी पान उलटावं; पुढं कुठंतरी चकलीची कृती असेलच. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. आडून लिहायचं कसं ते बहुतेक पाचवीत शिकवत असावेत.

दवाखाना शहागंजात, एका कापडदुकानाच्या वर. डॉक्टरांनी जागा मुद्दाम तशी निवडली होती. दुकानाचा निम्मा माल वरच्या मजल्यावर असायचा, त्यामुळं जिना चढणारा माणूस पडद्याचं कापड घ्यायला चाललाय की आणखी कशाला, हे खालून कळत नसे. डॉक्टर जुन्या शहरातले मुसलमान. बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी. ते मला मावशी म्हणत, मुसलमान पेशंट खाला म्हणत. मी दोन्हीला ओ देई.

दारात बाई कशाला बसवली, असं त्यांना पुष्कळांनी विचारलं. ते म्हणत, पुरुष बसवला की पेशंट त्याच्यासमोर फुशारक्या मारतो, अन् आत येऊन त्याच पुढं चालू ठेवतो. आईच्या वयाच्या बाईसमोर जीभ आपोआप आवरते. ते खरं होतं. माझ्यासमोर कुणी फुशारकी मारली नाही. 'मित्रासाठी विचारायला आलोय,' असं मात्र निम्मे म्हणत. मी विचारी, "मित्राची लघवी आणलीय का?"

कुणाला नावानं हाक मारायची नाही, हा तिथला पहिला नियम. मी हातातल्या वस्तूवरून बोलवी. "हेल्मेट, चला आत." "निळी पिशवी, तुमचा नंबर." एकदा दोन हेल्मेटं एकदम उठली अन् दोघं एकाच कारखान्यातले निघाले. दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही. शहाणे होते.

दुसरा नियम ताटाचा. माझ्यासमोर स्टीलचं जेवणाचं ताट असे. आत जाण्याआधी त्यात खिसे रिकामे करायचे. पैसे आणि मोबाईल ज्याचे त्यानं ठेवावेत, बाकी सगळं ताटात. मी ताट आत डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवी. तंबाखूची पुडी, गुटखा, ताईत, रस्त्याकडेच्या तंबूतली काळी गोळी, कुठल्या तरी बाबाची राख. बोलायला जे लाजतात ते खिशात सापडतं, असं डॉक्टरांचं म्हणणं. निम्मं निदान ते ताटातच करत.

आता ज्याची गोष्ट सांगायची तो. गंगापूर ते शहर काळीपिवळी जीप चालवायचा, म्हणून आम्ही त्याला जीपवाला म्हणायचो. तुम्हीही तेच म्हणा. तिशीतला, दणकट, मिशा पीळदार. ताटात त्यानं जीपची किल्ली, पानाची पुडी, कंगवा अन् प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा टाकला. मी विचारलं, औषध काही चालू आहे का. नाही म्हणाला. डॉक्टरांनी आत विचारलं, तेव्हाही नाही म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. ते पुढं कळेल.

माझ्या अन् डॉक्टरांच्या मध्ये भिंत नव्हती, जाड पडदा होता. ऐकू येतच असे. मी कान झाकत नसे अन् बाहेर बोलतही नसे. त्याच्या लग्नाला तीन वर्षं झालेली. पहिली दोन चांगली गेली. मग आधी इच्छा गेली, मग बाकीचं गेलं. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा हळूच म्हणाला की छाती दुखते अन् दाबली की पांढरा थेंब येतो. गावात मूल नाही म्हणून कुजबुज होतीच. बायकोच्या दोन भावांना कारण कळलं होतं. त्यांनी पुढच्या आठवड्यात गंगापुरात बैठक ठरवली होती, दोन्हीकडची माणसं बसवून फारकत घ्यायची म्हणून.

"डॉक्टर, मला चार माणसांत उभं करतील," तो म्हणाला. "तिथं मी काय दाखवू?"

डॉक्टरांनी त्याला सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला बोलावलं. हे पुरुषाचं हार्मोन पहाटे भरतीला असतं अन् दिवस चढेल तसं ओसरतं, म्हणून रक्त सकाळीच घ्यायचं. दुपारी जेवून आलेल्याला मी जिन्यावरूनच परत पाठवी. तो पहिली फेरी घेऊन आला, रक्त दिलं, दुपारी परत आला.

रिपोर्ट असा होता: पुरुषाचं हार्मोन कमी, अन् दुधाचं हार्मोन पुष्कळ वर.

इथं थांबून समजावते, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी हे इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगीन. मेंदूच्या खाली, दोन्ही डोळ्यांच्या मागं, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती रक्तातून हुकूम सोडते. तो हुकूम अंडकोषाला, म्हणजे साध्या भाषेत गोट्यांना पोचला की त्या पुरुषाचं हार्मोन तयार करतात. पुरेसं झालं की रक्तातूनच वर निरोप जातो, बास. मग हुकूम कमी होतो. दुधाचं हार्मोनही हीच ग्रंथी बनवते. पुरुषातही ते थोडं असतं, कशाला असतं ते डॉक्टरांनी कधी नीट सांगितलं नाही. बाळंतिणीत ते वर चढतं. म्हणूनच अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी थांबते अन् नवऱ्याचा हात लागलेला तिला नको होतो. पुरुषात ते चढलं तरी तसंच. खालचे हुकूम बंद, इच्छा बंद, बाकी कारभार बंद.

डॉक्टरांनी त्याला सांगितलं की कधीकधी त्या ग्रंथीवर बारीक गाठ येते म्हणून हे होतं, बहुतेक वेळा कॅन्सर नसतो, गोळीनं आटोक्यात येतं, पण डोक्याचा फोटो काढावा लागेल. जीपवाल्यानं ह्यातले दोनच शब्द ऐकले. डोकं अन् गाठ. ताटातली किल्ली उचलली, पडदा सारून बाहेर आला अन् मला म्हणाला, "दुखणं खाली अन् फोटो डोक्याचा? मावशी, तुमच्या डॉक्टरला गंगापूर सांगितलं तर पैठणला नेतो."

मी म्हटलं, "जीपची किल्लीबी चाकात नसती, बाबा."

तो गेला. त्या दिवशीचं खोबरं ताटातच राहिलं.

त्याला मी फार दोष देत नाही. पुरुषांना वाटतं की हे दंडासारखं आहे, व्यायाम केला, बदाम खाल्ले की ताकद येते. एक जिमवाला असाच यायचा. शर्टाच्या बाह्या फाटायला आलेल्या, दंड माझ्या मांडीएवढा, अन् मूल होत नव्हतं. ताटात सुया निघाल्या. जिममधला कुणीतरी पुरुषाच्या हार्मोनची इंजेक्शनं टोचत होता. आता सांगा, घरात रोज बाहेरून डबा यायला लागला तर चूल कोण पेटवेल? बाहेरून इतकं येतंय म्हटल्यावर ग्रंथीनं हुकूम सोडणं थांबवलं, गोट्या निजल्या, बी तयार होणं बंद. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन थांबवा, दंड उतरू द्या, वेळ लागेल. दंड उतरवायला तो तयार नव्हता. बायको त्याची बारीक आवाजाची होती, ती त्याच्या मागं जिना उतरून गेली. पुन्हा दोघं आले नाहीत.

हार्मोनचं झालं. नसांचं वेगळंच. त्या अवयवात हाड नाही, दंडासारखा स्नायूही नाही. रक्त भरतं अन् आत कोंडून राहतं, एवढंच. रक्त आत सोडायचं काम निवांतपणाच्या नसांचं. माणूस स्वस्थ असेल तरच त्या चालतात. दुसऱ्या नसा पळापळीच्या. कुत्रं मागं लागलं की ज्या चालतात त्या. शेवटचा झटका त्यांचाच असतो, पण त्या आधीच जाग्या झाल्या तर आत आलेलं रक्त बाहेर काढतात. निसर्गाचं बरोबर आहे, कुत्रं मागं लागल्यावर माणसानं पळावं, भलतं काही करू नये. पण नव्या नवऱ्याच्या मागं कुत्रं नसतं, दाराबाहेर बसलेली मावळण, म्हणजे आत्या असते, अन् नसांना फरक कळत नाही.

नसा मेल्या तर मात्र अवघड. शहागंजातलाच एक व्यापारी, साखरेचा आजार जुना. 'नुसती एक गोळी द्या' म्हणून यायचा. एकदा परत जाताना जिना उतरून रस्ता ओलांडून गेला, अन् एक चप्पल आमच्या दारातच. मी हाक मारली तेव्हा खाली बघितलं त्यानं. पायातून चप्पल गेलेली त्याला कळलीच नव्हती. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, जी साखर पायाच्या नसा खाते तीच तिथल्याही खाते, आधी साखर सांभाळा. त्यानं साखर सांभाळली नाही. पुढं त्याचा पाय कापला. चप्पल हातात घेऊन उभा राहिलेला माणूस मला अजून दिसतो. त्या दिवशी मी हसले होते.

तर जीपवाला गेला तो गेला. दोनदा फोन केला, उचलला नाही. बैठकीला तीनेक दिवस उरले असतील, तेव्हा एक बाई जिना चढून आली. एकटी. डोक्यावर पदर, हातात पर्स, चेहरा भांडायला निघाल्यासारखा. आमच्याकडं बाई एकटी येत नसे. तिचं नाव सुनंदा म्हणू. जीपवाल्याची बायको.

"मला लिहून पायजे," ती म्हणाली.

"काय लिहून?"

"ह्यांच्यात काय राह्यलं नाय म्हणून. भाऊ म्हणले, डॉक्टरचा कागद आण म्हणजे बैठकीत बोलाया बरं."

मी तिला सांगितलं, इथं असला कागद मिळत नाही, तरी विचारायचं असेल तर विचार, पण आधी पर्स रिकामी कर.

"मी का पेशंट हाय?"

"आत जाणारा प्रत्येक जण करतो. औषध कंपनीचा टायवालाबी खिसे उलटे करून जातो."

तिनं रागानं पर्स ताटात उपडी केली. रुमाल, टिकल्यांचं पाकीट, दोन लिंबं, घराची किल्ली, कॅप्सूलचं कोरं पाकीट. बाई आत असली की मीही आत थांबायचं, हा आमचा रिवाज. म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलं.

डॉक्टरांनी तिला बसवलं अन् सांगितलं की तुमच्या नवऱ्याबद्दल मी तुम्हाला एक अक्षर सांगणार नाही, लिहून देणं तर लांब. ते स्वतः आले, हो म्हणाले, तर गोष्ट वेगळी. ती ऐकेना. मी बायको नाय का, माझं आयुष्य नाय का, असं बरंच बोलली. तिचं चुकत नव्हतं. डॉक्टर ऐकत होते, पण नजर ताटावर. त्यांनी ते पाकीट उचललं, चष्मा कपाळावर सरकवला अन् मागची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ धरून वाचली.

"ये किसकी है? तुमची?"

"नाय. त्यांची. गॅसची."

"रोज?"

"रोज सकाळी, चहाच्या आधी. मीच देते. इसरले तर जीपमागं पळत जाऊन देते."

"कधीपासून?"

"चुलतदिराच्या लग्नात लई जळजळ झालती, तवापासून. तिथल्या डॉक्टरनं धा दिवसाची लिहिलती. बरं वाटलं, मग मेडिकलवाल्याला पाकीट दाखवून आणते. वरीस-दीड वरीस झालं."

"मी त्यांना विचारलं होतं, कुठलं औषध चालू आहे का."

सुनंदानं डॉक्टरांकडं असं बघितलं, जसं काही त्यांनाच समजत नव्हतं. "औषध कुठं हाय हे? गॅसची गोळी हाय."

आमच्या मराठवाड्यात गॅसची गोळी औषधात धरत नाहीत. ती चहा-साखरेत धरतात. पाहुणा आला तरी विचारतात, घेता का एखादी.

डॉक्टरांनी पाकीट खाली ठेवलं, मला पडद्याबाहेर नेलं अन् हळूच म्हणाले, "मावशी, त्यांना फोन लावा. डोक्याचा फोटो लगेच नको म्हणावं."

मी लावला. ह्या वेळी त्यानं उचलला. मी म्हटलं, "डोक्याचा फोटो आत्ता नको. तुझी बायको इथं बसलीय. ये."

"ती तिथं कशाला?"

"आल्यावर भांड. ये."

तो तासाभरात आला, सीटा भरलेली जीप दुसऱ्याच्या हवाली करून. दोघं शेजारी बसले, मध्ये एक खुर्ची सोडून. तिच्यासमोर बोलू का, असं डॉक्टरांनी त्याला विचारलं. त्यानं मान हलवली. मग डॉक्टरांनी पाकीट हातात धरून समजावलं. ह्या एका कॅप्सूलमध्ये दोन औषधं आहेत. एक आम्ल कमी करतं, त्याचं काही नाही. दुसरं पोटातलं अन्न पुढं ढकलतं. पण ते दुसरं मेंदूखालच्या ग्रंथीपर्यंतही पोचतं अन् दुधाच्या हार्मोनवरचं झाकण उघडतं. दहा दिवस घेतलं, थांबलं, तर बहुतेकांचं काही बिघडत नाही. रोज घेत राहिलं तर एखाद्याचं तुमच्यासारखं होतं. गाठ नसेलही. गोळी थांबवून सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त बघू. हार्मोन खाली आलं नाही तर फोटो काढायचा, तेव्हा पळायचं नाही.

मग सुनंदा म्हणाली, "म्हंजी मीच केलं हे?"

डॉक्टर काही म्हणायच्या आत जीपवाला बोलला. "तू काय केलं? मीच मागायचो." मग ताटाकडं बघून म्हणाला, "आजबी घेतली व्हय?"

"संपली होती," ती म्हणाली.

फारकतीचा कागद घ्यायला निघालेली बाई वाटेत त्याच माणसाच्या गोळ्या घेऊन आली होती. मला त्यात रडण्यासारखं काही दिसलं नाही, सवय म्हणतात त्याला. डॉक्टर मात्र चष्मा पुसत राहिले.

आता प्रश्न बैठकीचा. ती तीन दिवसांवर, अन् डॉक्टर मागत होते सहा आठवडे. भावांना सांगायचं काय, अन् सांगायचं कुणी? जीपवाला म्हणाला, मी नाय सांगणार, मेलो तरी. सुनंदा उठली, ताटातलं आपलं सामान पर्समध्ये भरलं, कॅप्सूलचं पाकीट ठेवलं तिथंच. म्हणाली, मी बघते.

तिनं काय सांगितलं ते तिनंच मला पुढच्या खेपेला सांगितलं. भाऊ, मामा, गावातले दोघं-तिघं असे सगळे बसले होते. तिनं सरळ सांगितलं, ह्यांच्या गॅसवर इलाज चालू हाय, तो झाल्याबिगर मी काय ठरवणार नाय. थोरला भाऊ म्हणाला, गॅसचा अन् ह्याचा काय संबंध. ती म्हणाली, "डॉक्टर सांगल. तू डॉक्टर हायेस का?" मामांना स्वतःला गॅस होता, ते घाबरून गप बसले. चहा झाला अन् माणसं उठली.

सहा आठवड्यांनी तो पहिली फेरी करून रक्त द्यायला आला. दुधाचं हार्मोन खाली उतरलं होतं, पुरुषाचं वर आलं होतं. छातीचं दुखणं गेलं होतं. डोक्याचा फोटो टळला. पण तो खूश नव्हता. हार्मोन आलं तरी काम होत नव्हतं. इतके दिवस झालं नाही, आज होतंय का बघू, अशी रोज परीक्षा. परीक्षा म्हटली की पळापळीच्या नसा जाग्या. कुत्रं आता मेंदूतच होतं.

डॉक्टरांनी दोघांना बोलावलं अन् पंधरा दिवस मनाई केली. जवळ बसा, हात धरा, पाय दाबा, पाहिजे ते करा, पण ते करायचं नाही. चुकूनही नाही. जीपवाल्याचा चेहरा सुटीचं पत्र मिळाल्यासारखा झाला. परीक्षाच नाही म्हटल्यावर नापास कुठून होणार? सुनंदा मान खाली घालून ऐकत होती.

पंधरा दिवसांनी ते आले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, मनाई पाळली का. दोघंही भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले. डॉक्टर मला म्हणाले, "मावशी, ताट घेऊन जा."

एक गोष्ट सांगून ठेवते. हे वाचून कुणी आपल्या चालू गोळ्या उकिरड्यावर फेकू नयेत. फक्त डॉक्टर विचारेल तेव्हा सगळ्या सांगाव्यात, गॅसची धरून.

माझ्या गुडघ्यांनी जिना सोडायला लावला त्याच्या आधीच्या महिन्यात सुनंदा पुन्हा आली होती. एकटीच. अंगानं भरली होती, पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता. बैठकीचं कुणी पुन्हा नाव काढलं नाही म्हणाली. मी ताट पुढं केलं. तिनं पर्स उपडी केली. रुमाल, टिकल्या, जीपची जादा किल्ली. मग बाकावर कुणी ऐकत नाही ना बघून माझ्या कानाशी आली.

"मावशी, ह्यांचं आता जरा कमी व्हायची गोळी असती का?"

"असती की," मी म्हटलं. "तूच देत होतीस."